ससाण्याच्या घरट्यातली द्राक्षं : वाचकांचे प्रश्न

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात ‘दि आयरी व्हिनयार्ड्‌स’ नावाची एक छोटी, घरच्यांनीच चालवलेली वाइनरी आहे. तिच्याबद्दल वाचकांचे बरेच प्रश्न आले. आधी थोडक्यात ओळख. डेव्हिड लेट (१९३९–२००८) यांनी फेब्रुवारी १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातून ३,००० द्राक्षकाड्या ओरेगनला नेल्या आणि कोर्व्हॅलिसजवळ भाड्याच्या तुकड्यावर रुजवल्या. पुढच्या वर्षी पत्नी डायना यांच्यासोबत डंडी टेकड्यांवर २० एकर जमीन घेऊन ती रोपं तिथे हलवली. पहिली वाइन १९७० ची. बागेच्या माथ्यावरच्या सूचिपर्णी झाडांत लाल शेपटीच्या ससाण्यांचं घरटं होतं, म्हणून नाव ‘आयरी’, म्हणजे शिकारी पक्ष्याचं घरटं. आता प्रश्नांकडे.

ओरेगनमध्ये पिनो न्वार ही काळ्या द्राक्षाची जात सगळ्यांत आधी लेट यांनी लावली असं सगळीकडे वाचायला मिळतं. खरं आहे का?

नाही. अमेरिकेतल्या दारूबंदीनंतरच्या काळात ओरेगनमध्ये ही जात आधी लावली रिचर्ड सॉमर यांनी, १९६१ मध्ये, राज्याच्या दक्षिणेकडच्या अम्प्क्वा खोऱ्यात. त्यांच्या वाइनरीचं नाव हिलक्रेस्ट. लेट पहिले ते त्याच्या उत्तरेच्या, अधिक थंड आणि अधिक ओल्या विलामेट खोऱ्यातले. पाठोपाठ तिथे चार्ल्स कोरी, डिक इराथ, पाँझी कुटुंब अशी मंडळी आली. आज ओरेगनची पिनो म्हणून जी ओळखली जाते ती मुख्यतः विलामेटची, त्यामुळे राज्य आणि खोरं यांची सरमिसळ होते. ‘अमेरिकेत पिनो ग्री या दुसऱ्या जातीची पहिली व्यापारी लागवड’ हा आयरीचा दुसरा दावा मात्र भक्कम आहे.

कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठात द्राक्षशास्त्र शिकलेल्या लेट यांना तिथल्याच जाणकारांनी ‘ओरेगनला जाऊ नको’ म्हणून सांगितलं होतं म्हणे. मग हे निव्वळ धाडस होतं का?

धाडस होतं, पण आंधळं नव्हतं. त्यामागचा हिशेब नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण आयरीचं बाकी सगळं त्यातूनच येतं.

द्राक्षाची प्रत्येक जात पिकायला ठरावीक ऊब मागते. पिनो न्वार लवकर पिकणारी, कॅबर्ने सोव्हिन्यों उशिरा पिकणारी. लवकर पिकणारी जात गरम मुलखात लावली तर ऐन उन्हाळ्यात, ऑगस्टच्या झळांमध्येच तिची साखर भरते. साखर वेगाने चढते, मॅलिक आम्ल उष्णतेने झपाट्याने जळून जातं, आणि सालीतला रंग व वास मात्र मागे पडतो. मग मिळते ती गोडसर-जड, विझलेली पिनो. कॅलिफोर्नियातल्या त्या काळच्या बऱ्याच पिनोंची हीच रड होती.

लेट यांचं म्हणणं होतं की जातीचा पिकण्याचा काळ आणि त्या जागेचा हंगाम एकाच वेळी संपले पाहिजेत. फळ शेवटच्या थंड आठवड्यांत, ऑक्टोबरच्या तोंडावर पिकावं. हंगामाला अजून दोन महिने बाकी असताना नव्हे. पिनोचं माहेर असलेल्या फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात नेमकं हेच घडतं. विलामेट खोरं साधारण ४५ अंश उत्तरेला आहे, तर बर्गंडीतलं बोन शहर ४७ अंशांवर. उन्हाळ्यात दिवस साडेपंधरा तासांचा, रात्री गार. पाऊस वर्षाला सुमारे १,००० मिलिमीटर, पण त्यातला बहुतेक ऑक्टोबर ते मे या काळात. ‘तिथे पाऊस फार’ हा आक्षेप वर्षाचा आकडा पाहून घेतलेला होता. महिन्यांचे आकडे वेगळे वाचले की दिसतं, वेलीच्या वाढीच्या काळात तिथे जवळजवळ कोरडं असतं.

उरला दंव-गारठ्याचा धोका. थंड हवा जड असते, ती पाण्यासारखी उतारावरून वाहून खोऱ्याच्या तळाशी साचते. म्हणून तळाची सपाट, सुपीक जमीन सोडून टेकडीचा उतार घेतला. इथे दुसराही फायदा झाला. डंडी टेकड्यांवर बेसॉल्टपासून बनलेली ‘जोरी’ नावाची तांबडी, खोल, चिकणसर माती आहे. ती पाण्याचा निचरा करते आणि तरीही खालच्या थरांत ओल धरून ठेवते. रुजलेल्या वेली त्या ओलीवर उन्हाळा काढतात. आयरीने बागेला ठिबक कधी लावलंच नाही.

ती जमीन त्यांना परवडली यालाही कारण आहे. तिथे आधी आलुबुखारची बाग होती. ऑक्टोबर १९६२ च्या मोठ्या वादळाने त्या खोऱ्यातल्या फळबागांची धूळदाण उडवली आणि टेकड्यांवरच्या जुन्या बागा मोडीत निघाल्या होत्या.

हा हिशेब बरोबर निघाला, पण तो दर वर्षी बरोबर निघेलच असं नसतं, हे सांगितलं पाहिजे. हंगामाच्या कडेवर पिकवायचं म्हणजे शरदातला पाऊस आठ दिवस लवकर आला की संपलं. पातळ सालीचे, दाटीवाटीच्या घडाचे पिनोचे मणी पाणी पिऊन फुगतात, एकमेकांना दाबून फुटतात आणि आतून करडी बुरशी धरतात. थंड मुलखातल्या पिनोवाल्याचा खरा जुगार दर ऑक्टोबरात असतो.

३,००० काड्यांपासून बाग उभी राहते कशी? किती क्षेत्र होतं, किती वर्षं लागतात?

काडी हिवाळ्यात, वेल झोपेत असताना घेतात. पेन्सिलीएवढी जाड, गेल्या हंगामात पिकून तपकिरी झालेली, ३० ते ४० सेंटिमीटर लांब. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आणि आडवा. वरचा काप वरच्या डोळ्यापासून दोन सेंटिमीटर सोडून तिरका. दोन्ही टोकं दिसायला वेगळी असली की जुड्या बांधताना आणि लावताना काडी उलटी लागत नाही. उलटी लागलेली काडी रुजत नाही, आणि हजारोंच्या लॉटमध्ये ही चूक हमखास होते. जुड्या ओलसर भुशात किंवा वाळूत, थंड जागी. एकदा काडी सुकली की पाण्यात कितीही बुडवून ठेवा, उपयोग नाही.

रोपवाटिकेत दोन काड्यांमधलं अंतर सुमारे १० सेंटिमीटर, एक-दोन डोळे जमिनीवर आणि बाकी सगळी काडी मातीत. इथे फसगत होते ती अशी : वसंतात हवा तापते, डोळे फुटतात, हिरवी पालवी दिसते आणि माणूस खूश होतो. पण ती पालवी काडीतल्या साठ्यावर फुटलेली असते; खाली माती गार असल्याने मुळं अजून आलेलीच नसतात. दोन-तीन आठवड्यांनी पालवी माना टाकते. म्हणून काडीचं बूड गरम आणि डोकं गार राहील अशी युक्ती करतात. काही ठिकाणी जुड्या उलट्या पुरून वर माती टाकतात, म्हणजे उन्हाने वरची माती तापते आणि बुडाशी आधी गाठ धरते. लावणी नंतर, सुलटी.

वर्षभराने रोपं उपटून बागेत न्यायची. दोन ओळींत १० फूट, दोन वेलींत ६ फूट धरलं तर एकरी ७२६ वेली बसतात. म्हणजे सगळ्या ३,००० काड्या जगल्या तरी जेमतेम चार एकर. आणि सगळ्या कधीच जगत नाहीत. त्यातही सगळ्या काड्या पिनो न्वारच्या नव्हत्या. पिनो ग्री, शार्दोने, म्युनिए, मस्कट ओटोनेल, रीझलिंग अशा इतर जातीही त्या बागेत आल्या. विकण्याजोगं फळ लागवडीपासून तिसऱ्या-चौथ्या वर्षी, भर पीक पाचव्या-सहाव्याला. १९६५ ची काडी आणि १९७० ची पहिली वाइन यांत पाच वर्षं का गेली, हे यातून कळावं. त्या काळात घर चालवायला लेट महाविद्यालयांना पाठ्यपुस्तकं विकायचं काम करत होते.

वाइनरी म्हणून त्यांनी टर्की पक्ष्यांचं मांस तयार करण्याचा जुना कारखाना घेतला. वास राहिला नाही का?

मॅकमिनव्हिल गावातली ती इमारत आहे, आणि निवड वाटते तितकी विचित्र नाही. मांसाच्या कारखान्यात जे असतं तेच वाइनरीला लागतं : जाड, उष्णतारोधक भिंती, उतार दिलेली आणि नाल्या असलेली सिमेंटची फरशी, मुबलक पाणी, जड माल हलवायला मोकळी जागा. वाइनरीत अर्धं काम धुण्याचं असतं. नवख्या माणसाने सुंदर दगडी तळघर बांधायचं आणि फरशीला उतार द्यायला विसरायचं, ही चूक जगभर होते. मग पाणी कोपऱ्यात साचतं, बुरशी धरते. वासाचं म्हणाल तर सिमेंट धुऊन निघतं. लाकूड आणि जुनं प्लास्टर निघत नाही, ते उखडावंच लागतं.

पहिल्या पिनोला स्वतःचं नावही न देता ‘ओरेगन स्प्रिंग वाइन’ म्हणून विकलं, ते का?

कारण रंग. १९७० ची ती वाइन लेट यांना इतकी फिकी वाटली की तिच्यावर ‘पिनो न्वार’ लिहायचं त्यांनी टाळलं. कोवळ्या वेलींचं फळ होतं हे एक. पण पिनोचा रंग मुळातच उणा असतो. बहुतेक काळ्या द्राक्षांत रंगद्रव्यांचा जो अधिक टिकाऊ गट असतो तो पिनोच्या सालीत नसतोच, आणि साल पातळ असल्याने एकूण रंगही कमी. पिनोचा प्याला भोकरासारखा काळाभोर दिसला तर उलट शंका घ्यावी.

छोट्या वाइनरीत पिनो न्वार प्रत्यक्ष बनते कशी, ते मापांसकट सांगाल का? कुठे बिघडतं?

हा प्रश्न सर्वांत जास्त वाचकांनी विचारला, म्हणून उत्तरही लांब. आयरीची घरची पद्धत म्हणजे लहान भांड्यांत आंबवणं, हाताने चोथा दाबणं, नव्या ओक लाकडाच्या पिंपांचा अत्यल्प वापर आणि शक्य तितकी कमी ढवळाढवळ. खालची मापं मात्र अशा कोणत्याही छोट्या वाइनरीला लागू पडणारी आहेत.

तोडणी २२ ते २४ ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप). एका ब्रिक्सचा साधारण ०.५५ ते ०.६ टक्के अल्कोहोल होतो, म्हणजे २३ ब्रिक्सला १३ टक्क्यांच्या आसपास. पण नुसत्या ब्रिक्सवर तोडू नये. बी तपकिरी झाली का, चावल्यावर कडकडते की हिरवी-कडू लागते, साल चघळल्यावर रंग सोडते का, हे बागेत फिरून पाहायचं. आणि १०० मणी एकाच वेलीचे नव्हेत, तर ओळींच्या दोन्ही बाजूंनी, घडाच्या वरून-खालून घ्यायचे. माणसाचा हात आपोआप पिकलेल्या मण्याकडे जातो, त्यामुळे नमुना नेहमी खऱ्यापेक्षा ब्रिक्सभर गोड येतो.

देठं काढून मणी साधारण चार फूट लांब-रुंद-उंच, वरून उघड्या पेटीत भरतात. पेटी तीन-चतुर्थांशच भरायची. किण्वन (आंबणं) सुरू झालं की कर्बवायू सालींना वर ढकलतो आणि त्यांची टोपी उभी राहते. काठोकाठ भरलेली पेटी रात्रीतून जमिनीवर सांडते. भरतानाच नको ते जंतू रोखणारं पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, एका टनामागे सुमारे ६० ग्रॅम. त्यात निम्म्याहून थोडा जास्त, ५७ टक्के गंधक डायऑक्साइड असतो, म्हणजे रसात सुमारे ४० पीपीएम (दहा लाखांत ४० भाग) येतं. कुजके मणी जास्त असतील तर मात्रा वाढवावी लागते. मात्र १०० पीपीएमच्या वर गेलात तर पुढचं मॅलोलॅक्टिक किण्वन (मॅलिक आम्ल मऊ करणारं) हिवाळाभर रखडतं.

मग दिवसातून दोन-तीनदा टोपी दाबायची. लांब दांड्याला खाली गोल तबकडी बसवलेली असते. ती घेऊन टोपी काठापासून मधल्या भागाकडे बुडवत जायचं. पहिल्या दिवशी टोपी मऊ असते, तिसऱ्या दिवशी अशी घट्ट की पूर्ण अंगाचा भार टाकावा लागतो. हे काम रसात रंग उतरावा म्हणून करतात असं वाटतं, पण तेवढंच कारण नाही. टोपी खालच्या रसापेक्षा पाच-सहा अंशांनी गरम असते आणि वरून तिला हवा लागते; तिथे व्हिनेगरचे जिवाणू मजेत वाढतात. एक संध्याकाळ दांडी मारली तर दुसऱ्या दिवशी सकाळी नेलपॉलिशसारखा वास येतो, आणि तो वाइनमधून काढायचा साधा उपाय नाही. तापमान दाबण्याच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा मोजावं. ३० ते ३२ अंशांचा शिखरबिंदू पिनोला मानवतो. ३५ च्या पुढे यीस्ट दमतं आणि चार-पाच ब्रिक्स साखर उरलेली असतानाच थांबतं. अर्धवट थांबलेलं किण्वन पुन्हा सुरू करण्यासारखं त्रासाचं काम वाइनरीत दुसरं नाही.

सडक्या अंड्याचा वास आला तर बहुधा यीस्टला नत्र कमी पडलंय. एक तृतीयांश साखर संपण्याच्या आत डायअमोनियम फॉस्फेट, १०० लिटरला २० ते ३० ग्रॅम, दोन हप्त्यांत. उरकून टाकू म्हणून सगळं एकदम घातलं तर किण्वन उसळतं, तापमान हाताबाहेर जातं. साखर संपत आल्यावर घातलं तर यीस्ट ते खात नाही. उरलेलं नत्र पुढे नको त्या जिवाणूंच्या पोटात जातं.

आठ-दहा दिवसांत ब्रिक्सचा काटा शून्याच्या खाली, उणे एक-दीडपर्यंत येतो. मग मोकळी वाइन काढून घ्यायची आणि चोथा हलक्या हाताने दाबायचा. दाबलेली वाइन शेवटी कडू होते. चव घेत राहायचं आणि कडवटपणा आला की भांडं बदलायचं. अमेरिकी टनातून, म्हणजे ९०७ किलोंतून, शेवटी हाती लागते सुमारे ५७० लिटर वाइन. बर्गंडी पद्धतीचं पिंप २२८ लिटरचं, त्यात ३०० बाटल्या. टनाला अडीच पिंपं असा हिशेब लक्षात ठेवला की पुरे.

पिंपात मॅलोलॅक्टिक होतं : जिवाणू बोचऱ्या मॅलिक आम्लाचं मऊ लॅक्टिक करतात. खोली १५ अंशांच्या खाली गेली की ते झोपतात आणि वसंतात जागे होतात. ते पुरं होण्याआधी बाटली भरली तर बाटलीतच वायू धरतो, वाइन गढूळ होते. पूर्ण झालं की नाही हे जिभेवर ठरवू नये. उरलेलं मॅलिक आम्ल दाखवणारी कागदी क्रोमॅटोग्राफीची पट्टी स्वस्त आहे.

दर दोन-तीन आठवड्यांनी पिंप काठोकाठ भरायचं, कारण लाकडातून वाइन उडत राहते. यासाठी तीच वाइन काचेच्या लहान भांड्यांत बाजूला ठेवलेली हवी. छोट्या वाइनरीत नेमकी हीच राखीव वाइन नसते. चार-पाच वेळा वापरलेलं पिंप लाकडाची चव देत नाही, फक्त हळूहळू श्वास घेऊ देतं. आयरीला तेच हवं होतं. जुनं पिंप वापरायचं तर मात्र ते रिकामं ठेवायचं नाही. ठेवावंच लागलं तर धुऊन, निथळून, आत पाच-दहा ग्रॅम गंधकाची वडी जाळायची आणि महिन्याभराने पुन्हा जाळायची. नाहीतर ब्रेटानोमायसिस यीस्ट फळ्यांत घर करतं. तबेल्यासारखा वास येतो आणि ते पिंप कुंडीच्याच लायकीचं उरतं.

१९७९ च्या पॅरिसच्या स्पर्धेत आयरीने फ्रेंचांना हरवलं का?

हरवलं नाही. फ्रान्सच्या गो-मियो मासिकाने १९७९ मध्ये पॅरिसला भरवलेल्या वाइन ऑलिंपिक्समध्ये आयरीची १९७५ ची ‘साउथ ब्लॉक रिझर्व्ह’ पिनो न्वारच्या गटात पहिल्या दहांत आली. तिथे आपल्याकडच्या उत्तम वाइन नव्हत्याच, अशी बर्गंडीकरांची तक्रार होती. म्हणून बोनचे व्यापारी रोबेर द्रूअँ यांनी १९८० च्या सुरुवातीला स्वतःच्या निवडीच्या वाइन ठेवून पुन्हा चाचणी घेतली. पहिली आली द्रूअँ यांची १९५९ ची शांबोल-म्युसिन्यी. दोन-दशांश गुणाच्या फरकाने दुसरी आयरी. तिसरी द्रूअँ यांचीच १९६१ ची शांबेर्तँ क्लो द बेझ.

गुणांच्या या गोष्टीला अवास्तव महत्त्व मिळतं असं आमचं मत आहे. एका दुपारी, एका खोलीत, दोन-दशांश गुणांचा फरक म्हणजे नशीबच. जास्त बोलका पुरावा पुढचा आहे : १९८७ मध्ये त्याच द्रूअँ कुटुंबाने डंडी टेकड्यांवर जमीन घेतली आणि मुलगी व्हेरोनिक यांच्याकडे तिथली वाइन सोपवली. गुण देताना कोणाचे पैसे जात नाहीत, जमीन घेताना जातात.

पिनो ग्री हे लालसर-करडं द्राक्ष, मग वाइन पांढरी कशी?

रंग सालीत असतो, गरात नाही. घड न चुरडता लगेच दाबले की रस जवळजवळ बिनरंगी निघतो. काही तास सालींसोबत राहिला तर तांबूस झाक येते. आयरीची सुरुवात १६० वेलींपासून झाली. आज ओरेगनमधलं हे सर्वांत जास्त लावलं जाणारं पांढरं द्राक्ष आहे.

आयरीच्या जुन्या वेली कलमी नाहीत, स्वतःच्या मुळांवर आहेत. ही चूक नव्हती का?

आज पाहिलं तर धोका होता. तेव्हाच्या परिस्थितीत ती सोय होती. कलमी रोपाला खुंट हवा, कलम बांधणारे हात हवेत, जोड भरून यायला उबदार खोली हवी, आणि हे सगळं पैसे मोजून. खिशात पैसे नव्हते, आसपास द्राक्षबागा नव्हत्या, त्यामुळे फिलॉक्सेराही जवळपास नव्हता.

फिलॉक्सेरा ही मुळांतला रस शोषणारी, डोळ्यांना जेमतेम दिसणारी पिवळसर कीड. मूळची उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडची. तिथल्या रानद्राक्षांची मुळं तिला दाद देत नाहीत; युरोपीय द्राक्षाची मुळं मात्र तिने टोचलेल्या जागी गाठाळतात, मग बुरशीने कुजतात. वेल एका दिवसात मरत नाही. आधी बागेत गोल ठिगळ दिसतं, तिथल्या वेलींची फूट आखूड, पानं शरदाच्या आधीच पिवळी. दर वर्षी ठिगळ रुंदावतं. मधल्या मेलेल्या वेलीची मुळं उकरून कीड शोधाल तर सापडणार नाही, कारण खायला काही उरलं नाही म्हणून ती पुढे सरकलेली असते. ठिगळाच्या कडेची, अजून हिरवी दिसणारी वेल उकरायची.

विलामेट खोऱ्यात ती १९९० मध्ये आढळली. औषधाने ती हटत नाही. एकच कायमचा उपाय : अमेरिकी रक्ताच्या खुंटावर कलम करून नवी लागवड. तोवर फैलाव लांबवणं एवढंच हाती असतं. ती बुटांना, नांगराच्या फाळाला, फळांच्या पेट्यांना चिकटलेल्या मातीतून फिरते. म्हणून बागेतून बागेत जाताना माती घासून काढायची, अवजारं गरम पाण्याने धुवायची, आणि ठिगळ असलेल्या भागात काम सगळ्यांत शेवटी करायचं.

स्वतःच्या मुळांवरच्या वेलीची वाइन वेगळी लागते का, यावर वाद आहे. मुळं आणि खुंट यांत फरक असतो हे खरं. पण त्याच वेली जुन्याही असतात, त्यांची मुळंही खोल गेलेली असतात, पीकही कमी असतं. यातलं नेमकं कशामुळे काय, हे वेगळं काढणं अवघड. ‘स्वमुळी’ म्हणून जास्त पैसे मागणाऱ्याला तरी हा प्रश्न विचारावाच.

एवढ्या चांगल्या टेकड्या शहराजवळ असूनही घरांखाली कशा गेल्या नाहीत?

१९७३ च्या ओरेगनच्या सिनेट विधेयक १०० मुळे. त्याने प्रत्येक काउंटीला (जिल्ह्याला) शेतजमीन आणि वस्ती यांच्या सीमा आखणं भाग पाडलं. टेकड्या नांगराला गैरसोयीच्या, म्हणून त्या घरांसाठी सोडून द्याव्यात असा सूर होता. लेट आणि इतर बागाईतदारांनी त्या द्राक्षांसाठी राखून ठेवायला लावल्या. १९७७ चे लेबलचे नियमही याच मंडळींचे : बाटलीवर जातीचं नाव असेल तर बहुतेक जातींसाठी आत ९० टक्के तीच जात हवी (देशाचा आजचा नियम ७५ टक्के), आणि ‘बर्गंडी’, ‘शाब्ली’ अशी उसनी नावं बंद. नव्या, गरीब धंद्याने स्वतःवर इतकी कडक बंधनं घालून घेणं दुर्मीळच.

आता वाइनरी कोण चालवतं?

मुलगा जेसन लेट, २००५ पासून. डेव्हिड लेट ऑक्टोबर २००८ मध्ये गेले.

माझ्याकडे भेट आलेली पस्तीस वर्षांची पिनो आहे. उघडताना काय काळजी घ्यावी?

आधी दोन दिवस बाटली उभी ठेवा, म्हणजे गाळ बुडाशी बसेल. वाइनची पातळी पाहा. बर्गंडी आकाराच्या उतरत्या खांद्याच्या बाटलीत बुचाच्या तळापासून दोन-तीन सेंटिमीटर रिकामी असेल तर ठीक. पाच-सहाच्या पुढे असेल तर फार आशा ठेवू नका. बूच मऊ झालेलं असणार, मळसूत्र त्यातून लोणी कापल्यासारखं उपटून येतं आणि भुगा आत पडतो. दोन पात्यांचा काढणा वापरा : लांब पातं आधी, काच आणि बूच यांच्या मध्ये, डोलवत डोलवत दोन्ही पाती आत, मग पिळत वर. बूच खाली सरकायला लागलं तर थांबा आणि पात्यांचा कोन बदला. तापमान १५-१६ अंश. मोठ्या भांड्यात ओतून तासभर ‘श्वास’ घ्यायला ठेवू नका. इतकी जुनी पिनो अर्ध्या तासात उडून जाऊ शकते. बाटलीच्या मानेखाली दिवा धरून एकाच धारेत थेट प्याल्यांत ओता, आणि गाळाचा पहिला धागा मानेत आला की थांबा. पहिल्या वासाला ओल्या पाचोळ्याची, कोंदट झाक आली तर लगेच फेकू नका, दहा मिनिटं द्या. दहा मिनिटांनीही ओल्या पुठ्ठ्याचाच वास राहिला तर बुचाने घात केला आहे; ती वाइन स्वयंपाकातही घालू नका, वास जात नाही.